खडकीच्या वॉर सिमेट्रीत आईनं चपला काढल्या. काढायच्या असतात का?

मुळाकाठची | रविवार, रात्री ९:१२

आज दुपारी आई (वय ७४) आणि लेक (सातवी) यांना घेऊन खडकीच्या वॉर सिमेट्रीत जाऊन आले. होळकर पुलावरून जन्मभर ये-जा केली, पण त्या फाटकातून आत कधी गेले नव्हते. लेकीला दुसऱ्या महायुद्धावर प्रकल्प करायचाय, म्हणून मुहूर्त लागला.

आत गेल्यावर आधी जाणवते ती शिस्त. कातरलेलं गवत, ओळीनं दगड. मेजर असो नाहीतर साधा शिपाई, कबरीला मान सारखाच. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत इथे. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे हे लोक पुरले होते तिथे पुढे देखभाल होईलच याची खात्री नव्हती, म्हणून सगळ्यांना इथे आणलं. पहिल्या महायुद्धातल्या अठराशेहून जास्त जणांसाठी वेगळं स्मारक आहे, त्यावर नुसती नावं. त्यातल्या ६२९ जणांचे अवशेष मुंबईच्या शिवडीच्या दफनभूमीतून १९६२ साली इथे आणले.

आता मुद्दा. आईनं फाटकापाशीच चपला काढल्या आणि पिशवीत टाकल्या. ऊन मी म्हणत होतं. मी म्हटलं, "आई, हे देऊळ नाही." ती काही बोलली नाही. तशीच सगळीकडे अनवाणी फिरली, रिक्षात बसल्यावरसुद्धा घातल्या नाहीत. लेकीनं आजीचं बघून बूट काढले. मी एकटीच पायताण घालून, मला फारच ओशाळल्यासारखं झालं.

दुसरं म्हणजे फुलं. आईनं सकाळच्या पूजेतून उरलेली सात शेवंतीची फुलं रुमालात बांधून आणली होती. पहिल्या ओळीत एकेका दगडापाशी एकेक ठेवत गेली आणि सातव्याला संपली. आठवा मुलगा एकोणीस वर्षांचा. ती तिथे थबकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता ह्याला काय?" माझ्याकडे पर्समध्ये फक्त केसाची पिन आणि मेट्रोचं तिकीट.

तिसरा प्रश्न लेकीचा. "आई, इथे सगळी इंग्रज नावं आहेत. आपल्यातलं कोणीच मेलं नव्हतं का?"

तर जाणकारांनो: चपला काढायच्या का? फुलं न्यायची का, न्यायची तर किती? आणि लेकीला काय सांगू?

गोगलगाय | रविवार, रात्री ९:२०

पहिली मी! वाचतेय. केसाची पिन वाचून हसू आलं आणि मग आलं नाही.

तळेगावकर_काका | रविवार, रात्री ९:५१

नियम वगैरे काही नाही. मी तीनदा गेलोय, तिन्ही वेळा बूट घालून. आवाज चढवू नये, दगडावर बसू नये, डबा उघडू नये, एवढं पाळलं की झालं. आमच्या समोर एका जोडप्याचं लग्नाआधीचं फोटोशूट चाललं होतं. मुलीचा घेर असलेला लाल झगा दोन कबरींवर पसरलेला. माळी आला, काही बोलला नाही, फक्त पाण्याची नळी चालू केली.

रोखठोक | रविवार, रात्री १०:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ज्यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं त्यांच्या शिपायांपुढे आपल्या माऊलीनं उन्हात अनवाणी का चालायचं? पुण्यात घोरपडीला नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं आपलं युद्धस्मारक आहे. मुलीला तिकडे न्या. खडकी नाव काढलं की मला १८१७ आठवतं, बाजीरावाचा पराभव. त्याच गावात ह्यांना फुलं.

मुळाकाठची | रविवार, रात्री १०:३०

@रोखठोक, घोरपडीलाही नेणार आहेच. पण एकोणीस वर्षांच्या पोरापुढे उभं राहिल्यावर बाजीराव आठवला नाही हो. आईलाही नाही.

@काका, नळी भारी.

बेळगावचा_हवालदार | सोमवार, सकाळी ६:१०

राम राम ताई. मराठा लाईट इन्फंट्रीत सतरा वर्षं काढली, आता रिटायर. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं फौजी उत्तर देतो.

आम्ही वर्दीत शहीद स्मारकावर बूट घालूनच जातो. परेड असते. पुष्पचक्र वाहायचं, "शोक शस्त्र" झालं की रायफली उलट्या होतात, मान खाली. बिगुलवर लास्ट पोस्टची धून वाजते, मौन, मग राऊज ही दुसरी धून. गोरे साध्या कपड्यात असले की टोपी काढतात, आम्ही वर्दीत टोपी घालूनच सलाम करतो. आणि तोच जवान पलटणीच्या मंदिरात गेला की बूट बाहेर. म्हणजे जागेचा मान पायात नसतो, ज्याला जसं शिकवलं तसा तो देतो. आईंना त्यांच्या घरी जे शिकवलं ते त्यांनी केलं. त्यात चूक काय?

एक विनंती. कबरीच्या डोक्यावरून चालायचं नाही. बाजूनं जायचं. हे मला एका सुभेदार साहेबांनी कोहिमाला सांगितलं होतं, तेही एका कानाखाली दिल्यानंतर.

दगडधोंडे | सोमवार, सकाळी ११:२४

"आपल्यात असलं काही नसतं" असं बहुतेकांना वाटतं, म्हणून लिहितो. आपल्यात आहे आणि हजार वर्षं आहे. गावाबाहेर, देवळामागे, पाणवठ्याला टेकवून ठेवलेले वीरगळ बघितलेत ना? खालच्या चौकटीत लढाई, गाईगुरं वाचवताना गेला असेल तर गुरंही कोरलेली. त्याच्या वर अप्सरा त्याला उचलून नेताहेत, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्यावर कळस, चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळ एकसरला तर असे वीरगळ आहेत ज्यांवर चक्क जहाजांची लढाई आहे.

फरक एवढाच, की बहुतेक वीरगळांवर नाव नाही. तो कोण, कुठल्या राजासाठी लढला, कोणाला ठाऊक नाही. तरी गावातली बाई दिवाळीत तिथे पणती लावते आणि चपला काढूनच लावते. तिला कोणी विचारत नाही की हा यादवांचा होता की शिलाहारांचा.

@रोखठोक, दिवे घ्या (म्हणजे हलकं घ्या).

गोगलगाय | सोमवार, सकाळी ११:४०

+१. फक्त खडकीत जाऊन शेंदूर फासू नका म्हणजे झालं.

रोखठोक | सोमवार, दुपारी १:१५

दिवे घेतले. पण शिलाहार इथले होते. मँचेस्टरचे नव्हते.

नाक_मुरडणारी | सोमवार, दुपारी २:०२

@रोखठोक, मग भीमा कोरेगावच्या स्तंभाचं काय करायचं? तिथेही कंपनीच्याच पलटणीतल्या शिपायांची नावं आहेत. त्यातली शेवटी "नाक" असलेली नावं महारांची, म्हणून माझी ही आयडी. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले होते. आज लाखो लोक जातात. ते काय इंग्रजांना नमस्कार करायला जातात? स्वतःच्या माणसाचं नाव दगडात कोरलेलं बघायला जातात. ते नाव त्यांना दुसरं कोणी दिलं नव्हतं.

प्रशासक | सोमवार, दुपारी २:१०

चर्चा छान चालली आहे. १८१७ आणि १८१८ साठी वेगळे धागे आहेत, ते अजून उघडे आहेत. ते तसेच राहावेत ही इच्छा.

लाल_माती | सोमवार, रात्री ११:४८

मूळ प्रश्नातला तिसरा भाग, म्हणजे लेकीचा, तो माझा आहे. म्हणून जरा लांब लिहितो.

आमच्या आजीचे वडील "बसऱ्याक गेलो तो गेलोच". बसरा म्हणजे इराकातलं बंदर. आमच्या घरात त्यांची गोष्ट एवढ्या एका वाक्याचीच. ना फोटो, ना पत्र. सिंधुदुर्गातल्या आमच्या वाडीतून पहिल्या युद्धात गेलेले असे आणखीही होते म्हणे.

आजीकडे एक जाड, तळहाताहून मोठी गोल चकती होती. ती विरजणाच्या भांड्यावर झाकण म्हणून असायची. वजनदार, मांजर ढकलू शकायचं नाही. चिंचेनं घासून घासून गुळगुळीत झालेली. त्यावर हातात त्रिशूळ घेतलेली एक बाई आणि एक सिंह. आम्ही तिला लहानपणी दुर्गाच समजायचो. कॉलेजात असताना दिवाळीला गेलो आणि पहिल्यांदा ती उन्हात धरून वाचली. कडेनं इंग्रजीत लिहिलेलं: तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मरण पावला. आणि चौकटीत पणजोबांचं नाव, तीन चुका असलेल्या स्पेलिंगमध्ये. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी सरकारनं अशी कांस्याची चकती पाठवली होती. तिच्यावर हुद्दा घालत नसत, फक्त नाव. इंग्लंडात तिला "मेलेल्या माणसाचा पैसा" म्हणायचे.

आमच्या घरी वाचता येणारं कोणी नव्हतं. बाप घरी परत आला होता आणि सत्तर वर्षं दह्यावर बसला होता.

मग मी शोधायला लागलो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही अशा कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर नाव आणि पलटण टाकून शोधता येतं. पहिल्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या, तिथल्या कुत गावाच्या वेढ्यात तर डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ अडकून पडल्या, उपासमार झाली, घोड्याचं मांस खायची वेळ आली आणि २९ एप्रिलला शरणागती. त्या भागात मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. चाळीस हजारांहून जास्त माणसं त्यावर मोजलेली आहेत.

"मोजलेली" हा शब्द मुद्दाम. इंग्रज शिपायाचं नाव दगडात कोरलं. भारतीय अधिकाऱ्याचं नाव कोरलं. भारतीय शिपायाचं नाव कोरलं नाही. पलटणीचं नाव आणि त्याखाली आकडा: आणखी इतके. नावं वहीत होती, दगडावर नाही. ज्या संस्थेचं तत्त्वच असं की हुद्दा, वंश, धर्म न बघता सगळ्यांना सारखा मान, तिनं हे केलं. २०२१ साली त्यांनीच चौकशी अहवाल काढून माफी मागितली, त्यात आफ्रिका आणि आशियातल्या अशा निदान पंचेचाळीस हजार लोकांचा हिशोब आहे.

पुढे सद्दामच्या हुकुमानं १९९७ साली ते अख्खं स्मारक बसऱ्याच्या बंदरातून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात ३२ किलोमीटर लांब नेऊन बांधलं. म्हणजे आमचा पणजोबा मेल्यावरही एकदा बदलीवर गेला.

तर ताई, लेकीला सांगा: होते. खडकीला नाहीत, कारण खडकी इथे मेलेल्या परक्यांसाठी आहे. आपले परक्या मुलखात मेले, त्यांची यादी तिकडे आहे. कधी नाव आहे, कधी आकडा.

गोगलगाय | मंगळवार, सकाळी ७:०३

दह्यावर बसला होता. आता काय लिहू. चहा गार झाला.

बखरबाज | मंगळवार, सकाळी ९:३०

@लाल_माती, पानिपतानंतरच्या पत्रातलं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. शाळेत आपण ह्या वाक्यावर टाळ्या घेतो, काय ती सांकेतिक भाषा म्हणून. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा कोण, हे आपण कधी विचारलं?

बसऱ्याची भिंत म्हणजे तेच पत्र, इंग्रजीत लिहिलेलं.

रोखठोक | मंगळवार, सकाळी १०:१२

@लाल_माती, मनापासून वाचलं. आणि मला जे म्हणायचं होतं ते त्या चकतीवरच लिहिलंय. "स्वातंत्र्यासाठी"? कोणाच्या?

लाल_माती | मंगळवार, सकाळी १०:४०

@रोखठोक, हो, तो प्रश्न आहेच. पगारासाठी गेले होते, महिना ११ रुपये, आजी सांगायची. पण म्हणून ते मेले नाहीत असं होत नाही ना.

अपशिंगेची_सून | मंगळवार, दुपारी १२:२०

आमच्या साताऱ्याच्या अपशिंग्यातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं सासरच्यांनी बढाई मारायला लावलंय, नंतर कळलं पोस्टाचा पत्ताच तसा आहे. अजूनही घरटी एकजण फौजेत. इथे "कोणासाठी लढले" हा वाद पारावर होतो, पण पंधरा ऑगस्टला स्मारकाला हार घालताना होत नाही. सासूबाई चपला काढतात, सासरे (माजी सैनिक) काढत नाहीत. दोघं शेजारी उभे असतात.

ईशान्येची_वारी | मंगळवार, दुपारी ३:४५

हवालदारसाहेबांनी कोहिमाचं नाव काढलं म्हणून. मागच्या वर्षी जाऊन आलो.

ती जागा म्हणजे तिथल्या जिल्हाधिकाऱ्याचा बंगला होता. १९४४ च्या एप्रिलमध्ये जपानी एका बाजूला आणि आपले दुसऱ्या बाजूला, मध्ये फक्त बंगल्याचं टेनिस कोर्ट. एवढ्या अंतरावरून दिवसेंदिवस हातबॉम्ब फेकत होते. आज दफनभूमीत त्या कोर्टाच्या पांढऱ्या रेषा राखून ठेवल्यात. कबरींच्या पायऱ्या चढत जाता आणि मध्येच सपाट हिरवळीवर सर्व्हिस लाईन. मला त्या रेषेवर पाय टाकवेना.

चौदाशे वीस कबरी. आणि सगळ्यात वर, जिथे बहुतेक लोक दमून जातच नाहीत, तिथे ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांची नावं. त्यांचं दहन झालं, म्हणून कबर नाही, भिंत आहे. इम्फाळलाही तसंच, दहनस्मारकावर ८६८ नावं. धागाकर्तीच्या लेकीला हेही सांगा. आपल्यातले कबरींत सापडत नाहीत कारण आपण जाळतो. भिंती शोधायच्या.

खाली ती प्रसिद्ध ओळ आहे, घरी जाल तेव्हा आमच्याबद्दल सांगा, म्हणा की तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला. सगळे तिथे सेल्फी काढतात. वर कोणी नव्हतं. एक कुत्रं झोपलं होतं.

तळेगावकर_काका | मंगळवार, दुपारी ४:१०

टेनिस कोर्टवरची लढाई! आमच्या सोसायटीत बॅडमिंटन कोर्टवर चालू आहे, अजून मृत्यू नाही.

रोमची_पाहुणी | मंगळवार, रात्री १०:३०

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं रोमला आहे. कासिनो इथून ट्रेननं जाऊन एका दिवसात परत येता येतं. डोंगरावर मठ दिसतो, तोच मोंते कासिनो, आणि खाली दफनभूमी. मध्ये पाण्याचा लांबट हौद, दोन्ही बाजूंना हिरव्या संगमरवराचे उंच खांब, त्यांवर ज्यांची कबर सापडली नाही त्यांची नावं. चार हजारांवर.

मी गेले होते नाईक यशवंत घाडगे यांचं नाव बघायला. माणगावकडच्या लोकांना सांगायला नको. पळसगावचा मुलगा, पाचवी मराठा, वय २२. १० जुलै १९४४, तिबर नदीचं वरचं खोरं. समोरून मशीनगन, त्याच्या सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी. हा एकटा धावत गेला, हातबॉम्बनं गन बंद केली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह मिळाला नाही.

मला वाटलं होतं खांबापुढे उभी राहिले की रडू येईल. नाही आलं. नाव शोधण्यात अर्धा तास गेला, मान दुखायला लागली, सापडलं तेव्हा आधी "हां!" असं मोठ्यानं ओरडले, हरवलेली किल्ली सापडावी तसं. शेजारी एक म्हातारा इटालियन, त्यानं टोपी काढली. मग काहीतरी वाहायला हवं म्हणून पर्स उपसली तर राजगिऱ्याचा लाडू निघाला. ठेवला. मुंग्या येतील म्हणून उचलला. परत ठेवला. शेवटी अर्धा ठेवला आणि अर्धा खाल्ला, प्रसाद म्हणून.

तिकडे उंब्रियात मोंतोने म्हणून गाव आहे, तिथल्या लोकांनी जुलै २०२३ मध्ये घाडग्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ बसवलं. त्यावर लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली जगतो. तिकडे जायचं राहिलंय.

@रोखठोक, तुमचा प्रश्न मी त्या म्हाताऱ्याला विचारला नाही. पण त्याच्या गावासाठी तरी घाडगे परके होते की नव्हते, तुम्हीच ठरवा.

बेळगावचा_हवालदार | बुधवार, सकाळी ५:५५

ताई, लाडू योग्य. बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय.

कोल्हापुरी_कांदा | बुधवार, सकाळी १०:००

अवांतर: परक्या मुलखात मेलेल्यांवरून आठवलं. आमच्या कोल्हापुरात पोलिश लोकांची दफनभूमी आहे. महायुद्धात वळिवड्याला साधारण पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सैनिक नव्हेत, बायकापोरं जास्त. काही इथेच गेली. आजोबा सांगायचे, पोलिश पोरं मराठीत शिव्या द्यायला महिन्याभरात शिकली. कोल्हापूरच ते.

अक्षरमोजणी | बुधवार, दुपारी १:३०

आणखी एक अवांतर. पहिल्या महायुद्धानंतर कबरीच्या दगडाच्या तळाशी घरच्यांना स्वतःचा मजकूर कोरून घेता यायचा, जास्तीत जास्त ६६ अक्षरं, मधली मोकळी जागाही त्यात धरून. सुरुवातीला अक्षरामागे साडेतीन पेन्स मागायचे, ओरड झाल्यावर ते ऐच्छिक केलं. तुमच्या आईंना सांगा, खडकीलाही खालची ओळ वाचा. वरचं नाव, नंबर, पलटण ही फौजेची. खालची ओळ आईबापांची.

गोगलगाय | बुधवार, दुपारी १:३८

मराठीत असतं तर जोडाक्षर एक धरलं असतं की दोन?

अक्षरमोजणी | बुधवार, दुपारी १:४४

त्यावर दहा वर्षं समिती बसली असती. दगड कोरा राहिला असता.

मुळाकाठची | बुधवार, रात्री ९:०५

सगळ्यांचे खूप आभार. लेकीनं सगळा धागा वाचला. लाल_माती यांची चकती तिला प्रकल्पात घ्यायचीय, परवानगी द्याल का? नाव घालणार नाही. शीर्षक तिनं ठरवलंय, "खुर्दा".

आणि आता चपलांबद्दल. तीन दिवस तुम्ही सगळे परंपरा, वीरगळ, शोक शस्त्र यावर लिहिताय, म्हणून आज संध्याकाळी आईला सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, "तू नेमक्या कशासाठी काढल्यास?"

ती म्हणाली, "अगं, अंगठा तुटला होता. फाटकात पाय अडखळला तेव्हाच. तुला सांगितलं असतं तर लगेच परत फिरली असतीस."

तळेगावकर_काका | बुधवार, रात्री ९:०९

😂😂 प्रशासक, धाग्याला कुलूप लावा.

दगडधोंडे | बुधवार, रात्री ९:१५

माझा यादव-शिलाहारांचा परिच्छेद मागे घेतो.

अपशिंगेची_सून | बुधवार, रात्री ९:२२

सासूबाईंना विचारून येते त्या का काढतात ते. भीती वाटायला लागली.

मुळाकाठची | बुधवार, रात्री ९:४०

थांबा, पुढे ऐका. ती म्हणाली, "चपलांचं जाऊ दे. सातांना फुलं दिली आणि बाकीचे बघत राहिले, ते बरं नाही झालं. उरलेल्यांचं कधी करायचं?" मी म्हटलं, आई, १,६६१ उरलेत. म्हणाली, "मग? लग्नात पाचशे लोकांना गजरे वाटलेच की आपण."

अक्षरमोजणी | बुधवार, रात्री ९:५२

मध्यम शेवंतीची किलोला अडीचशे-तीनशे फुलं बसतात. म्हणजे सहा-सात किलो. मार्केटयार्डात पहाटे घेतली तर परवडेल.

लाल_माती | बुधवार, रात्री ९:५८

चकती खुशाल घ्या. फोटो पाठवतो, विरजणाच्या भांड्यासकट. आणि स्मारकावरच्या अठराशेंचं काय? तेही धरा, नाहीतर पुन्हा तेच होईल.

अक्षरमोजणी | बुधवार, रात्री १०:०१

मग चौदा किलो.

रोखठोक | बुधवार, रात्री १०:१०

चौदा किलो शेवंती इंग्रजांना. धन्य आहे. माझं मत कायम. बाकी अंगठा कुठे शिवून घेतलात? माझाही तुटलाय.

बेळगावचा_हवालदार | गुरुवार, सकाळी ५:५०

ताई, आधी तिथल्या माळ्याला विचारा. वाळलेली फुलं दुसऱ्या दिवशी त्यालाच उचलायची असतात.

मुळाकाठची | गुरुवार, सकाळी ८:२०

हे सुचलंच नव्हतं. शनिवारी जाऊन विचारून येते. आईला म्हटलं, तर म्हणतेय संध्याकाळी परत जाऊन आपणच उचलू, पोतं घेऊन ये.